मिंटचा मेनू दर दोन-चार दिवसांनी गायब होतोय? आधी रात्री भिंतीवरचं बटन कोण बंद करतंय ते बघा

घरच्या एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स (आमचं लिनक्स मिंट) दोन्ही टाकलंय, चालू करताना कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारा मेनू छान येतोय, दोन दिवस चाललं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मेनूच नाही, थेट विंडोज चालू. परत दुरुस्त केलं, परत तीन दिवसांनी तेच. ज्यांना हा त्रास होतोय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आम्ही यात जवळजवळ दीड महिना घालवला आणि शेवटी कारण निघालं ते लिनक्समध्येही नव्हतं आणि विंडोजमध्येही नव्हतं.

आधी आमचं मशीन सांगते. सांगलीत गावभागात घर, घरातच माझं डीटीपीचं काम चालतं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वास्तुशांतीची कार्डं वगैरे, त्यामुळं विंडोज सोडता येत नाही, माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि सगळ्या जुन्या फाइली तिथंच. मुलगी पॉलिटेक्निकला, तिला लिनक्स पाहिजे होतं. मशीन २०१६ सालचं असेंबल केलेलं, सहाव्या पिढीचा आय-थ्री, एच-११० चा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि मागून टाकलेली ४८० जीबीची एसएसडी. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमचा विषय संपला, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर नोंदणी करून घेतलेले वाढीव सुरक्षेचे अपडेट तेवढे येत होते. मग ठरवलं की विंडोज फक्त कामापुरतं ठेवायचं आणि नेटवरचं सगळं, बँकेचं वगैरे, लिनक्स मिंट २२ वर करायचं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं बसून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राईव्ह श्रिंक केला, १२० जीबी मोकळी केली आणि पेनड्राईव्हवरून मिंट टाकलं. पाऊण तासात झालं सगळं, मेनू आला, दोन्ही सिस्टीम चालल्या, घरात आनंद.

टाकायच्या आधी एक गोष्ट आम्ही केली होती ती चांगली केली, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं होतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटनांचं काय करायचं ते निवडायचा पर्याय असतो त्यात खाली टिक असते, ती काढायची. ती चालू राहिली तर विंडोज शटडाऊन केल्यावर पण पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटमधून विंडोजचा ड्राईव्ह उघडला तर नुसता वाचता येतो, त्यात काही सेव्ह होत नाही. हे आधीच करून घ्या.

आता त्रास. पहिल्यांदा मेनू गेला तो नोव्हेंबरात, आणि नेमकं आदल्या संध्याकाळी विंडोजनं अपडेट घेतलेलं. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडं ते बहुतेक मंगळवारी रात्री नाहीतर बुधवारी उतरतात. त्यामुळं माझ्या आणि मुलीच्या दोघींच्या डोक्यात पक्कं बसलं की अपडेटनंच केलं. आणि ते अगदीच चुकीचं पण नव्हतं, कारण मोठ्या अपडेटनंतर विंडोज कधीकधी स्वतःचा नंबर पहिला लावून घेतं हे होतं. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर तर बऱ्याच लोकांचं लिनक्स सुरूच होईना, शिम आणि एसबॅट असे शब्द असलेला एरर यायचा आणि मशीन बंद पडायचं. पण ते वेगळं दुखणं, त्यात स्क्रीनवर एरर दिसतो. आमच्यात एरर काहीच नाही, गुपचूप विंडोज चालू.

मुलीनं बूट रिपेअर, म्हणजे मेनू परत बसवून देणारा प्रोग्रॅम, चालवला, मेनू आला. चार दिवसांनी गेला. परत चालवलं. परत गेला. तिसऱ्या वेळी तिनं पेनड्राईव्हवरून चालू करून बूट रिपेअर केलं आणि तिथं खरा घोळ झाला, कारण पेनड्राईव्ह जुन्या लेगसी पद्धतीनं बूट झाला होता आणि आमचं मिंट यूईएफआय या नवीन पद्धतीनं टाकलेलं. बूट मेनूत एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, एकाच्या पुढं यूईएफआय लिहिलेलं असतं आणि एकाच्या नसतं, आणि घाईत आपण कुठलाही दाबतो. दुसऱ्या पद्धतीत जाऊन दुरुस्ती केली की ग्रब, म्हणजे तो मेनू दाखवणारा प्रोग्रॅम, भलत्याच जागी बसतो. तो रविवार पूर्ण गेला त्यात, सोमवारी मला एका पतसंस्थेचा अहवाल द्यायचा होता आणि मी दिवसभर देवाचं नाव घेत बसले होते. म्हणून सांगते, पेनड्राईव्हवरून काहीही दुरुस्त करायच्या आधी फाइल मॅनेजरमध्ये सिस्टीमच्या 'सिस' फोल्डरमध्ये जा, त्यात 'फर्मवेअर', त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर आहे का बघा. आहे तर यूईएफआयमध्ये आहात, पुढं जा. नाही तर तिथंच थांबा, रीस्टार्ट करून बरोबर नोंद निवडा.

मग एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं. त्यांनी सांगितलं दोन सिस्टीम एका डिस्कवर टिकतच नाहीत, फॉरमॅट मारून एकच ठेवा, तेच म्हणे सगळ्यांना सांगतो. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण जगभर लोक वर्षानुवर्षं दोन दोन सिस्टीम एका डिस्कवर चालवतात, आणि माझा सात-आठ वर्षांचा कामाचा पसारा त्या एसएसडीवर, बॅकअप होता तरी सगळं परत बसवायला आठवडा गेला असता. मशीन घरी आणलं.

इथं एक मध्येच सांगते. २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ च्या जुलैत आम्ही आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवायचो, किती वाजता किती फूट, कारण नुसतं 'पाणी वाढतंय' म्हणून कळत नाही, तासाला किती वाढतंय ते कळलं की सामान कधी माळ्यावर टाकायचं ते ठरवता येतं. दुकानातून परत आल्यावर मला तेच सुचलं. मुलीला म्हणलं आता नुसती दुरुस्ती बास, मेनू गेला तर परत आण, पण आधी लिहायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रोजच्या चौकटीत पेन्सिलनं चार गोष्टी: मेनू आला का, विंडोजचं घड्याळ किती दाखवतंय, आदल्या दिवशी अपडेट झालं का, आणि लाईट गेली होती का.

बारा दिवस लिहिलं. अपडेटचा आणि मेनू जाण्याचा काही मेळ बसेना, अपडेट नसताना पण पाच वेळा गेला. लाईट जाण्याचा पण नीट मेळ नाही, दुपारी पंधरा-वीस मिनिटं लाईट गेली त्या दिवशी काही झालं नाही. पण घड्याळाच्या रकान्यात काहीतरी विचित्र होतं आणि ते कळायला मला वेळ लागला, कारण घड्याळाची आमच्याकडं दोन दुखणी एकावर एक बसली होती.

पहिलं दुखणं सगळ्या ड्युअल बूटवाल्यांना, म्हणजे दोन सिस्टीम ठेवणाऱ्यांना होतं. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, विंडोज समजतं की त्यात आपली भारताची वेळ आहे आणि लिनक्स समजतं की त्यात यूटीसी म्हणजे ग्रीनिचची वेळ आहे. आपण साडेपाच तास पुढं. त्यामुळं मिंट वापरून बंद केलं आणि मग विंडोज उघडलं की सकाळी नऊला घड्याळ पहाटेचे साडेतीन दाखवतं, आणि विंडोजमधून मिंटला गेलं की नेट लागेपर्यंत दुपारचे अडीच. याचा उपाय सोपा आहे, मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाईमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा द्यायची, अर्थात इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान लिपीत, 'टाईमडेटसीटीएल' हा एक शब्द, मग जागा सोडून 'सेट-लोकल-आरटीसी' मधे आडव्या रेघा देऊन, मग जागा सोडून एक आकडा. मग मिंट पण घड्याळात भारताची वेळच ठेवतं. ही आज्ञा दिल्यावर मिंट एक इशारा देतं की लोकल वेळ ठेवणं बरोबर नाही, त्यात मुख्य काळजी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करणाऱ्या देशांची असते, आपल्याकडं घड्याळ वर्षभर एकच, त्यामुळं आपण घाबरायचं कारण नाही. दुसरा रस्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून विंडोजला यूटीसी शिकवायचा आहे, तो पण चालतो, पण दोन्ही एकदम करू नका, नाहीतर परत साडेपाच तास उलटे. मला मिंटमधला सोपा वाटला.

ती आज्ञा आम्ही आधीच दिली होती आणि साडेपाच तासांचं गणित मिटलं होतं. पण कॅलेंडरवर काही दिवशी साडेपाच तासांचा फरक नव्हता, तिथं मुलीनं लिहिलं होतं '२०१६'. म्हणजे वर्षच मागं गेलेलं. मला वाटलं तिची आज्ञा चुकली. आणि हे रोज दिसत पण नव्हतं, कारण मिंट उघडलं की नेट लागताच ते स्वतः वेळ बरोबर करून घेतं, त्यामुळं जो मिंट उघडेल त्याला काहीच दिसायचं नाही. विंडोज उघडलं तरच दिसायचं.

हे ध्यानात ठेवा, यातूनच सगळं उलगडतं: फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर ते दोन सिस्टीमचं एकमेकांशी जमत नाहीये, पण तारीखच पाच-दहा वर्षं मागं जात असेल तर मदरबोर्डचा सेल संपलाय. दोन्ही असू शकतं, आमचं दोन्ही होतं.

आता सेलचा आणि मेनूचा काय संबंध, तर असा. मशीन चालू झालं की आधी मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर जागं होतं, आपण त्याला अजून बायोसच म्हणतो. त्याच्याकडं एक यादी असते, कुठली सिस्टीम आधी उघडायची त्याची. त्या यादीत एक नोंद विंडोज बूट मॅनेजरची आणि एक 'उबुंटू' नावाची, आपण मिंट टाकलं असलं तरी नाव उबुंटूच दिसतं, कारण मिंट उबुंटूवरच उभं आहे, त्यात गोंधळून जाऊ नका. मिंट टाकताना उबुंटूची नोंद पहिली लागते म्हणून मेनू दिसतो. बायोसच्या बाकी सेटिंगा आणि घड्याळ हे मदरबोर्डवरच्या गोल चपट्या सेलवर जिवंत राहतात, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा, छोट्या चपट्या रिमोटमध्ये असतो तसला. तो मेला आणि भिंतीवरून पण करंट बंद झाला की सेटिंगा पुसल्या जातात, बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर येतं, आणि बऱ्याच मदरबोर्डांत त्याबरोबर क्रम पण बदलतो, विंडोज पहिलं जाऊन बसतं. काही मदरबोर्ड तर उबुंटूची नोंदच टाकून देतात. आमच्यात नोंद राहायची, फक्त मागं जायची. ग्रबला, मिंटला, डिस्कला काहीही झालेलं नसतं, सगळं जिथल्या तिथं असतं.

आणि सेल मेलेला असूनसुद्धा रोज का होत नव्हतं, तर भिंतीवरचं बटन चालू असेल तोपर्यंत सीपीयू बंद असला तरी पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडा करंट मिळत राहतो, सेल लागतच नाही. दुपारी थोडा वेळ लाईट गेली तर आमच्या सेलमधला उरलासुरला जीव तेवढं निभवत होता. रात्रभर बटन बंद राहिलं की संपलं.

आता बटन कोण बंद करत होतं? ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, संध्याकाळी विजा काय कडाडतात आपल्याकडं, त्यात आमचा यूपीएस गेल्या वर्षी गेलाय, सीपीयू थेट भिंतीवरच लावलाय. सासूबाई झोपायच्या आधी टीव्हीचं आणि कॉम्प्युटरचं बटन बंद करायला लागल्या, आणि बरोबरच आहे, वीज पडून शेजारच्यांचा टीव्ही गेलेला त्यांनी बघितलाय. पाऊस गेला पण सवय राहिली. ज्या रात्री मी उशिरापर्यंत काम करत बसायची त्या रात्री मी सीपीयू नुसता शटडाऊन करून झोपायची, बटन तसंच राहायचं. म्हणजे माझं काम जास्त असलं की दुसऱ्या दिवशी मेनू यायचा! कॅलेंडरवर पाचवी गोष्ट लिहायला सुरू केली, 'बटन चालू / बंद', आणि आठवड्यात चित्र स्पष्ट. बंद, मेनू नाही. चालू, मेनू आहे. एकदाही चुकलं नाही.

आणि मग जेवताना हे बोलणं चाललं होतं तेव्हा मुलीचे बाबा म्हणाले, "ते सकाळी काळ्या पडद्यावर एफ-वन दाबा म्हणतंय, ते म्हणताय काय तुम्ही?" आम्ही दोघी बघतच राहिलो. सकाळी सगळ्यात आधी मशीन तेच चालू करतात, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतात, निघायच्या आधी मेल आणि भाव बघतात. कधीकधी सकाळी म्हणे सेटिंग परत घालायला सेटअपमध्ये या, एफ-वन दाबा असं यायचं, ते दाबायचे, करडा पडदा यायचा, एफ-टेन दाबून बाहेर यायचे आणि विंडोज चालू व्हायचं. "तुम्ही नवीन सिस्टीम टाकलीय म्हणल्यावर ते विचारत असंल असं वाटलं की मला." त्यांना त्यात काही चुकीचं वाटायचं कारणच नव्हतं, आणि आम्ही त्यांना विचारलं पण नव्हतं. मुलगी संध्याकाळी बसायची तेव्हा तो पडदा कधीच निघून गेलेला असायचा. म्हणून घरात जो जो मशीन चालू करतो त्याला त्याला विचारा, चालू करताना काय दिसतं, कुठलं बटन दाबावं लागतं, सगळं.

तुमच्याकडं असा कुणी सांगणारा नसेल तर एक साधी परीक्षा आहे, यात काही बिघडत नाही, फक्त विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर आधी खाली सांगितलेली रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोसमध्ये जा, चालू होताना डिलीट नाहीतर एफ-टू दाबत राहायचं, आणि तिथं बूटच्या पानावर कंपनीचा लोगो पूर्ण स्क्रीनवर दाखवायचा की नाही असा पर्याय बहुतेक मदरबोर्डांत असतो. तो बंद करा, सेव्ह करून बाहेर या. एकदा रीस्टार्ट करून लोगो खरंच येत नाही ना बघून घ्या. मग रात्री शटडाऊन करून भिंतीवरचं बटन बंद करा. सकाळी लोगो परत आला तर सेटिंगा पुसल्या जातायत, सेल गेलाय, दुसरं काही शोधत बसू नका. लोगो नाही आला, तारीख पण बरोबर आहे आणि तरी मेनू गायब, तर मग अपडेटवर किंवा दुसऱ्या कशावर संशय घ्या.

सेल बदलायचं काम घरी होतं. शेजारच्या वायरमन काकांनी मल्टीमीटर लावून बघितलं, जुना सेल २.१ व्होल्ट दाखवत होता, नवीन तीनच्या थोडा वर दाखवतो. आमचा सेल बहुतेक २०१६ पासूनचा मूळचाच होता, आणि दोन्ही पुरांच्या वेळी सीपीयू आठवडेच्या आठवडे करंटशिवाय माळ्यावर पडून होता, तेव्हा घड्याळ सगळं त्या सेलवरच चाललं असणार. नवीन चाळीस रुपयाला मिळाला. पाकिटावर नीट सीआर २०३२ बघून घ्या, २०२५ पण दिसायला तसाच असतो पण पातळ, तो सैल बसतो.

बदलताना भिंतीवरचा प्लग पूर्ण काढायचा, मग सीपीयूचं चालू करायचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. डब्याच्या पत्र्याला हात लावून घ्यायचा. जुना सेल काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, लिहिलेली अधिकची बाजू वर असते. बाजूला छोटी पत्र्याची क्लिप असते ती नखानं किंवा लाकडी काडीनं हलकी मागं सारली की सेल वर येतो, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, क्लिप तुटली तर मदरबोर्डच गेला. लॅपटॉपचं मात्र घरी करू नका, त्यात सेल असलाच तर वायर जोडलेला आणि आत खोल असतो, काहींत नसतोच.

एक महत्त्वाचं, जरा नवीन मशीन असेल आणि विंडोजचं ड्राईव्ह एन्क्रिप्शन म्हणजे बिटलॉकर चालू असेल तर सेल काढायच्या किंवा बायोसला हात लावायच्या आधी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. सेटिंगा बदलल्या की विंडोज ती मागू शकतं आणि जवळ नसेल तर डेटा गेल्यात जमा. विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनांवर हे एन्क्रिप्शन आपल्याला न सांगता चालू असतं, त्यामुळं 'मी तर कधी लावलं नाही' असं समजू नका, बघून घ्या.

सेल बसवल्यावर आपोआप सगळं ठीक होत नाही, एकदा हातानं बसवावं लागतं. आधी बायोसमध्ये तारीख-वेळ घाला. मग साटा मोड, म्हणजे डिस्क कुठल्या पद्धतीनं जोडायची ते सेटिंग, बघा, आधी एएचसीआय होता तर तोच पाहिजे, तो बदलला तर विंडोज निळी स्क्रीन देतं आणि माणूस उगाच घाबरतो. मग सीएसएम नावाचा पर्याय असतो, लेगसीसाठीचा, आम्ही तो बंद केला, म्हणजे तो रविवारसारखा घोळ परत व्हायलाच नको. आणि मग बूटच्या पानावर उबुंटूला पहिला नंबर. उबुंटू तिथं दिसत नसेल तर बूट मेनू उघडून बघा, तो प्रत्येक कंपनीचा वेगळ्या बटनावर असतो, आसुसला एफ-एट, एमएसआयला एफ-इलेव्हन, गिगाबाईटला एफ-ट्वेल्व्ह. तिथून उबुंटू निवडून मिंट उघडलं तर काहीच बिघडलेलं नाही, आत जाऊन टर्मिनलमध्ये 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' दिलं की सगळ्या नोंदी चार चार आकड्यांच्या नंबरासह दिसतात, आणि त्याच आज्ञेपुढं आडवी रेघ आणि लहान लिपीतलं ओ अक्षर देऊन पाहिजे तो क्रम स्वल्पविरामानं लिहायचा, उबुंटूचा नंबर आधी, विंडोजचा नंतर. आमच्या मुलीला हे कळल्यावर तिनं बूट रिपेअर चालवणं सोडूनच दिलं, अर्ध्या मिनिटाचं काम. नोंद कुठंच दिसत नसेल तरच पेनड्राईव्हवरून, आणि तो पण यूईएफआयवाला निवडून, मिंटच्या लाईव्ह मेनूतलं बूट रिपेअर चालवा.

आमचा सेल बदलून आता पाच आठवडे झाले. सासूबाई रोज रात्री बटन बंद करतात, तसंच करा म्हणलंय मी त्यांना. मधल्या काळात विंडोजचं महिन्याचं अपडेट पण येऊन गेलं, मेनू जागेवर आहे, तारीख बरोबर आहे, एफ-वनचा पडदा परत आला नाही. कॅलेंडरवर लिहिणं दुसऱ्या आठवड्यानंतर थांबवलं.

जुना सेल मात्र टेबलावर किंवा ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका. घरात लहान पोर असेल आणि त्यानं गिळला तर दोन तासांत घशात, अन्ननलिकेत भाजायला सुरुवात होते, संपलेल्या सेलनं सुद्धा होतं. आम्ही दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बंद डबीत ठेवला आणि ई-कचऱ्यात दिला. आणि कुणी गिळलाच असं वाटलं तर उलटी करायला लावू नका, वाट बघू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या.